वीतभर खाली

"खेचताना खांद्याला विचारू नकोस, पाठीला सांग." तिरंदाजी शिकवणाऱ्या पंढरी सरांचं ते जुनं वाक्य आठवत रूपाने दोरी मागे आणली. अर्ध्या वाटेत भार चढला, शेवटाला कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांची चाकं फिरली आणि तो एकदम उतरला. मूठ जबड्याला येऊन टेकली. काखेच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच हात इथवर पोचला होता.

रविवार असल्याने दापोड्याच्या गोदामामागे ट्रकची वर्दळ नव्हती. मुलगी मनाली सकाळीच खारबावला गेली होती, तिच्या पहिल्या तिरंदाजी स्पर्धेला. दुपारी आईनेही तिच्या शेजारी रेषेवर उभं राहायचं, असा दोघींचा शब्द. पण रूपाने घरात बजावून ठेवलं होतं, "दोरीच्या ओढीचं जुनं वजन पेललं तरच. नाहीतर धनुष्य विकून टाकू."

सासूबाई पुतळाबाई खुर्चीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. शेजारी नवरा मनोज होता; सकाळी धनुष्य त्यानेच जुळवून दिलं होतं.

"काय गो, आधी तोंड वाकडा केलास न् मंग हसलीस. वजन गेला कुठं त्याचा?"

"चाकांनी घेतलं, आई. नेम धरेपर्यंत तीच सांभाळतात."

"मंग सगलाच त्यांना घेऊ दे की! तुझ्या हाताला कशाला तरास?"

"मग बाण रमतगमत जाईल. हाताला जेवढं सोपं, बाण तेवढा सुस्त."

तिने तीन बाण सोडले आणि हसतच ते काढायला गेली. लक्ष्याजवळ मात्र तिचे पाय थबकले. तिन्ही बाण एका वाटीत मावतील इतके जवळ लागले होते. पण पिवळ्या वर्तुळाच्या मध्यापासून वीतभर खाली.

नवलच होतं. हात थरथरला असता तर बाण पांगले असते. वारा म्हणावा, तर पानही हलत नव्हतं. धनुष्यावरची नेमाची पिन तिच्या जुन्या खुणेवरच होती. म्हणजे हात बरोबर होता, डोळाही बरोबर होता. बाणच सावकाश आला होता.

आणि बाण सावकाश कधी येतो, हे आताच तिने सासूबाईंना सांगितलं होतं.

तिने धनुष्याच्या पात्यांचे बोल्ट अंगठ्याने चाचपले; ते सैल केले की ओढ हलकी होते. आटे वर आले होते.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "किती आटे सोडलेत?"

मनोज बाणांची पिसं पुसत होता. ती पुसून झालेलीच होती. "चार," तो म्हणाला. "जुन्या वजनाला तुझा हात अर्ध्यात अडकला असता. मग तू खरंच विकलं असतंस."

पुतळाबाईंची माळ थांबली. रूपाच्या कानशिलांत रक्त चढलं. सकाळपासून अंगात आलेलं बळ आपलं नव्हतंच तर.

"चुकलो. दे, आवळून देतो," म्हणत मनोजने खिशातून बोल्टची चावी काढली.

रूपाने ती त्याच्या हातून घेतली. तिन्ही बाणांकडे पुन्हा एकदा पाहिलं. एका वाटीतले तीन बाण.

मग बोल्टना हात न लावता तिने पिनचा स्क्रू सैल केला, या सावकाश बाणांना जुळेल इतकी पिन खाली घेतली, म्हणजे नेम धरताना धनुष्यच तेवढं वर उचललं जाईल, आणि धनुष्य पेटीत ठेवून खारबावची वाट धरली.