धोंडाईचा विस्तव

पुराचं पाणी ओसरताच धोंडाई टेकडीवरून उतरली, खोपटात शिरली आणि तिनं आधी चुलीत हात घातला. हाताला थंडगार चिखल लागला.

आज जिथे शहर आहे, त्या नदीकाठी पहिलं खोपट तिचं. मागून जो कुणी बिऱ्हाड घेऊन येई, त्याला ती खापरीत निखारे देई आणि दटावी, "विझू दिलात तर माझ्याशी गाठ आहे!" कुंभार, कोष्टी, तांबट, साऱ्यांच्या चुली तिच्याच विस्तवावर पेटलेल्या. आता तिनं कुणाकडे मागायचं?

शेवटी पदराआड खापरी लपवून ती उंचावर राहणाऱ्या तांबटाच्या दारी गेली. "विस्तव आहे का गं?" विचारताना तिची मान खाली होती.

तांबटाच्या सुनेनं फुललेले निखारे खापरीत भरले. "तुमचाच आहे, आजी. आम्ही नुसता सांभाळला."

डोळे पुसत धोंडाई परतली, तर खोपटापुढे ही गर्दी! पुरात चुली विझलेली सगळी वस्ती रिकाम्या खापऱ्या घेऊन तिचीच वाट बघत उभी. दुसऱ्या दाराचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता.

"विझू दिलात ना?" धोंडाई खेकसली. "या, पुढे या."