साहेब झालेल्या सासूबाई

विजयश्रीला इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, पण चाकणच्या ज्या कंपनीत ती माल तपासायची, तिथे साहेबासमोर उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग सासूबाईच साहेब झाल्या. संध्याकाळी चिमाबाई भाजी निवडायला घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसायच्या, आणि सून समोर उभी राहून कंपनीतलं इंग्रजी बोलायची.

“सर, धिस लॉट इज नॉट ओके. आय कॅनॉट पास इट.”

“मला काय बी कळलं न्हाई. पण मान खाली घातलीस. परत बोल.”

“आई, तुमच्यासमोर मान वर करून कसं बोलू?”

“आत्ता मी आई न्हाई. साहेब हाय.”

महिनाभर हे चाललं. शब्द सुधारले, वाक्यं लांबली. मान मात्र खालीच.

एका सकाळी चहा पिता पिता चिमाबाईंनी फर्मान सोडलं, “रविवारी सुट्टी टाक. तुझ्या नंदंकडं पाव्हणं येणार हायती, सैपाकाला तू जायचं.”

विजयश्रीने मान वर केली. थेट सासूच्या डोळ्यांत बघितलं.

“नाही, आई. रविवारी माझी शिफ्ट आहे. मी जाणार नाही.”

नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. चिमाबाई सुनेकडे बघतच राहिल्या. मग कप खाली ठेवून खुदकन हसल्या.

“जमलं की! आता असंच मान वर करून साहेबाला इंग्रजीत सांग.”