कोनाले धरावं?

पाणीपुरवठा योजनेचा मोठा पंप जळाला आणि गावचे नळ कोरडे पडले. वाशीमला बसणाऱ्या मोठ्या साहेबांनी धम्मरत्नला फोनवर एवढंच सांगितलं, "लोकांना उद्या पाणी येईल म्हणा. माझं नाव घेऊ नका." धम्मरत्न योजनेचा कनिष्ठ अभियंता होता आणि याच गावचा होता. तेव्हापासून तो रोज 'उद्या' म्हणत होता.

आज बाया पाणी भरायचे रिकामे गुंड घेऊन कार्यालयात शिरल्या. त्याने साहेबांना फोन लावला. त्यांनी तो कापला.

"पानी कवा येईन साहेब?"

"उद्या," तो खाली मान घालून म्हणाला.

बाया भडकल्या. त्यांच्यातून वाट काढत त्याची आई, गंगू, पुढे आली. चारचौघींसमोर तिने त्याला हात जोडले.

"साहेब, तुमी तरी खरं सांगा. कोनाले धरावं आमी?"

मोठ्या साहेबांचं नाव त्याच्या ओठावर आलं, पण ते नाव घेऊन ही म्हातारी कुठवर जाणार होती?

"मले धर, माय," तो कसाबसा म्हणाला.

गंगूने जोडलेले हात सोडले आणि रिकामा गुंड कमरेवर घेतला.

"तुले धरून पानी येते काय रे, बाबू?"