लवंगेचं लिंबू

मुलगा पेनल्टी मारायला उभा राहिला, तशी इंदुताईंनी नेहमीप्रमाणे सामन्याआधी त्याच्या कपाळाला लावून पिशवीत ठेवलेलं लवंग टोचलेलं लिंबू त्याच्यावरून लांबूनच तीनदा उतरवलं आणि रिवाजाप्रमाणे, कुठं पडतंय ते न बघता, भिरकावलं. ते जाळी ओलांडून थेट मैदानात पडलं.

शिट्टी वाजली. यंदाचा नवा नियम सगळ्यांना पाठ होता: ज्यांच्या प्रेक्षकांनी काही फेकलं, तो संघ बाद.

पंचांनी लिंबू उचललं. "कुणी टाकलं?"

"पलीकडच्यांनी!" इंदुताईंच्या मागची सगळी गॅलरी ओरडली. "करणी केली ओ आमच्या पोरावर!"

इंदुताई उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. सात वर्षांनी तालमीचा फुटबॉल संघ अंतिम सामन्यात आला होता. "आई अंबाबाई, खरं बोलायचं व्रत आहे गं माझं. आजचा दिवस मला मुकी कर," त्या पुटपुटल्या.

मुलगा पंचांजवळ आला. त्यानं लिंबू हातात घेतलं, लवंगेवरून अंगठा फिरवला आणि गॅलरीकडे बघितलं. इंदुताईंनी हात जोडून, नको नको म्हणून मान हलवली.

त्यानं लिंबू नेहमीसारखं कपाळाला लावलं.

"सर, आमच्या आईचं हाय."