नवा बल्ब

तळघरातल्या टेबलावर एइनो लाहतीने आपली ड्यूटीची बॅटरी उघडून ठेवली होती. हातभर लांब, काळी, मुसळासारखी जड. शेरीफच्या पोलीस खात्यात लागला तेव्हापासून ती त्याच्या कमरेला होती. तिचा पिवळा बल्ब त्याने उपटून काढला आणि कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावला. बल्ब डब्याबाहेर पडला. त्याला ते कळलं नाही.

"या मेल्या बल्बने बाईचा जीव घेतला," तो म्हणाला.

व्हर्ना, त्याची बायको, बीटची बरणी न्यायला खाली आली होती.

हॅग्लंडबाई सापडल्या त्याला आठवडाही झाला नव्हता. म्हातारपणी डोक्याने साथ सोडलेली. सरोवरावरून बर्फाचं वादळ येत असताना बाई घरातल्या सपाता घालूनच बाहेर पडल्या. सगळं गाव शोधायला निघालं. जंगलाकडचा रस्ता एइनोच्या वाट्याला आला. तो रस्त्याखालच्या मोरीपर्यंत गेला, बॅटरी फिरवली आणि परत येऊन म्हणाला, "तिकडे कोणी नाही." सकाळी बाई मोरीजवळच सापडल्या, झाडाला टेकून बसलेल्या, गोठून गेलेल्या. एइनोच्या बुटांचे ठसे त्यांच्या अगदी जवळून गेले होते. त्याला कोणी बोल लावला नाही. शेरीफनेही नाही.

"हा बघ, एलईडी," त्याने नवा बल्ब तिच्यापुढे धरला. "खात्यातली नवी पोरं हाच वापरतात. दिवस उगवल्यासारखा उजेड पडतो म्हणे."

"मग नवी बॅटरीच घ्यायचीस की."

"ती प्लॅस्टिकची खेळणी? हिने मी गाडीची काच फोडून माणूस बाहेर काढलाय. हिला काही झालेलं नाही. बल्बच टाकाऊ."

बल्ब बसला. वरून आवळायची कडी मात्र तो टेबलभर चाचपडत राहिला.

"कुठे गेली मेली?"

"तुझ्या मनगटाशी."

"इथल्या उजेडाचा वैताग आहे नुसता." त्याने कडी आवळली, काच बसवली, सेल भरले. "आता तो दिवा घालव बघू."

व्हर्नाने दिवा घालवला आणि ती घर गरम ठेवणाऱ्या भट्टीपाशी उभी राहिली. एइनोने बटण दाबलं.

समोरची भिंत पांढरीफटक झाली. बरण्या, त्यांच्यावरची धूळ, छपराखालचे नळ, कोपऱ्यातलं जाळं, सगळं लख्ख दिसायला लागलं. एइनो हसला. त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

"बघितलंस? हा असता तर बाई सापडल्या असत्या. काय?" तो थांबला. "व्हर्ना? वर गेलीस होय?"

ती त्याच्या डाव्या हाताला दोन पावलांवर उभी होती. उजेड तिच्याही अंगावर पडला होता. आपल्या स्वेटरचे टाके तिला मोजता आले असते. तिने हात वर केला आणि हलवला. एइनो समोर भिंतीकडे बघत हसतच होता.

"गेली वाटतं," तो स्वतःशीच पुटपुटला.

शरद ऋतूत त्याने फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. जेवताना बाजूचा पेला हटकून लवंडायचा. "म्हातारा झालास," म्हणून ती हसायची, तोही हसायचा. आता तिला पाऊल न वाजवता वर निघून जाता आलं असतं. तो संध्याकाळी हसत ड्यूटीवर गेला असता.

"एइनो, मी इथेच आहे."

तो दचकला. आख्खी मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिलं. झोत तिच्या तोंडावर आला.

"कुठे होतीस?"

"इथेच. मघापासून. जागची हलले नाही."

"अंधारात अशी गुपचूप उभी राहिलीस तर माणसाला..."

"अंधार नाहीये, एइनो."

झोत हळूहळू खाली उतरला आणि त्याच्या बुटांवर थांबला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"समोरचं दिसतं मला. अगदी नीट दिसतं. कडेचं जरा... मला वाटलं, बल्बच अधू आहे."

"खरंच वाटलं?"

त्याने बॅटरी टेबलावर ठेवली.

व्हर्ना बरणी न घेताच वर आली. "शेरीफला फोन करते," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "आज तू गाडीला हात लावायचा नाहीस. यापुढे कधीच नाही."

एइनो कठड्याला धरून एकेक पायरी चढत आला. दारात थांबला.

"शेरीफला नंतर. आधी बाईंच्या मुलीला लाव."

"तिला कशाला?"

"चर्चमध्ये मी तिला म्हटलं, बल्ब अधू होता, म्हणून दिसल्या नाहीत तुझ्या आई. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, त्यात तुमचा काय दोष."

"अरे, आत्ताच कुठे सावरतेय ती. तिला काय बरं वाटणार आहे हे ऐकून?"

"नाही वाटणार. लाव तू."

व्हर्नाने नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. घंटी पुष्कळ वेळ वाजत राहिली. मग पलीकडून आवाज आला, तसा एइनो ताठ उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.