लेखकाचं पूर्ण नाव

निवृत्त प्राध्यापकांनी जन्मभर टिपून ठेवलेली अवतरणं चपलांच्या जुन्या खोक्यांत चिठ्ठ्यांवर पडून होती. सर एकेक चिठ्ठी वाचून दाखवायचे आणि शेजारी बसलेली बाई ती कॉम्प्युटरवर, संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची. सकाळचा चहा झाला की नाही, हे सरांना आठवत नसे. पण कुठलं वाक्य कुणाचं आणि कितव्या पानावरचं, हे अजून तोंडपाठ होतं. संदर्भाच्या बाबतीत तर ते खाष्ट सासूच्याही वरताण. "संदर्भ नसेल, तर वाक्य कितीही गोड असो, थेट केराच्या टोपलीत!" असं येता-जाता बजावायचे.

खोक्याच्या तळाशी एक चिठ्ठी निघाली. सरांनी चष्मा सारखा केला.

"'आज छकुली पहिल्यांदाच काही न धरता चालली. थेट माझ्या टेबलापर्यंत आली. लिहायचं राहिलं ते राहिलंच.'" त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "ना लेखक, ना साल! कुणाचा हा गलथानपणा?" आणि त्यांचा हात टोपलीकडे वळला.

"थांबा, टाकू नका! कुणाचं आहे ते मला माहितीये," बाई घाईघाईनं म्हणाली. तिनं लेखकाच्या रकान्यात टाइप केलं, 'बाबा'.

सर स्क्रीनकडे वाकले आणि वैतागले.

"नुसतं 'बाबा'? अहो बाई, पूर्ण नाव लिहा. कुणाचे बाबा, हे वाचणाऱ्याला कसं कळायचं?"