मंडईतला विषय

नगरपरिषदेची सभा असली की मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसते. त्या दिवशी मंडईतलं बायकांचं एकमेव स्वच्छतागृह पाडून तिथे गाळे बांधायचा विषय आला. ‘मंजूर, मंजूर’ म्हणत बाकं वाजली.

मला राहवलं नाही. “अहो, भाजीवाल्या बायकांनी जायचं कुठे?”

“बाई, प्रेक्षकांना बोलता येत नाही,” नगराध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या नगरसेविका हिराताई कांडेकर उभ्या राहिल्या. दोन वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

“मला तर येतं ना? माझी आई त्याच मंडईत भाजी विकायची. तेव्हा तिथे सोय नव्हती, म्हणून ती दिवसभर पाणी प्यायची नाही. माझा विरोध लिहून घ्या.”

नगराध्यक्षांनी विषय मागे घेईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.